उत्पादन खर्च अधिक नफा : कापसाला नाही, तोफेला आहे



जिल्हा मेळाव्याच्या पत्रकात कापसाचा भाव, पीककर्ज, वीजबिल हे विषय बाजूला ठेवून अमेरिकेतल्या म्हाताऱ्या फौजींची कथा कशाला, असे कोणी विचारील. विचारायलाच पाहिजे. म्हणून उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो.

आपली मागणी जुनी आहे आणि एका ओळीची आहे. शेतमालाला उत्पादन खर्च भरून निघेल आणि वर चार पैसे उरतील असा भाव मिळावा. ही मागणी केली की दिल्ली-मुंबईचे अर्थपंडित हसतात. म्हणतात, "असा भाव जगात कोणाला मिळतो? खर्च काय, कोणीही फुगवून सांगेल. बाजार देईल ते घ्या." आमचे त्यांना सांगणे आहे, की असा भाव मिळणारा एक धंदा जगात आहे. तो चोरून चालत नाही, कायद्याने चालतो आणि त्याचे गिऱ्हाईक खुद्द सरकार आहे. तो धंदा म्हणजे हत्यारांचा धंदा. अमेरिकेचे संरक्षण खाते कारखानदारांशी जे करार करते, त्यातल्या एका जातीच्या कराराचे नावच 'कॉस्ट प्लस' आहे. म्हणजे उत्पादन खर्च अधिक नफा. कारखानदाराने खर्चाचा कागद द्यायचा, सरकारने तो भरायचा आणि वर नफा मोजायचा. खर्च अंदाजाच्या बाहेर गेला? सरकार भरते. माल वेळेवर तयार झाला नाही? तरीही भरते. एफ-३५ नावाच्या लढाऊ विमानाची आखणी आणि घडण २००१ पासून अशाच कराराखाली झाली.

कोरडवाहू कापूसवाल्याला जे मिळत नाही ते तोफवाल्याला मिळते. हे आम्ही आमच्या अकलेने सांगत नाही. हे सांगणारी माणसे वेगळी आहेत. ज्यांनी त्या तोफा ओढल्या, त्या बंदुका खांद्यावर वाहिल्या आणि ज्यांच्या छातीवर सरकारने पदके लावली, ती माणसे हे सांगतात. ज्याचे जळते त्यालाच कळते.

जनरल बटलरची कबुली

स्मेडली बटलर हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. हा माणूस १८८१ साली पेनसिल्व्हेनियात जन्मला. अमेरिकेच्या मरीन सैन्यात तो तीस वर्षांहून अधिक काळ राहिला आणि मेजर जनरल होऊन १९३१ साली निवृत्त झाला. आपल्याकडे परमवीरचक्र तसे त्यांच्याकडे 'मेडल ऑफ ऑनर'. ते बटलरला दोनदा मिळाले, एक मेक्सिकोतल्या लढाईसाठी, एक हैतीतल्या. तेव्हा त्याला भित्रा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

निवृत्त झाल्यावर या माणसाने काय केले? संचालक मंडळावर खुर्ची घेतली नाही, हत्याराची दलाली केली नाही. गावोगाव फिरून भाषणे दिली आणि १९३५ साली एक लहानसे पुस्तक काढले. त्याचे नावच त्याने ठेवले 'युद्ध हा लुटीचा धंदा'. त्याची कबुली अशी होती : मी आयुष्यभर देशासाठी लढतो असे समजत होतो, प्रत्यक्षात मी बड्या भांडवलदारांचा दांडगा होतो. मेक्सिकोत गेलो ते तेलवाल्यांसाठी, हैती आणि क्यूबात बँकेसाठी, होंडुरासमध्ये फळांच्या कंपन्यांसाठी, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये साखरवाल्यांसाठी. आपल्याकडचा एखादा निवृत्त पोलीस अधिकारी उठून म्हणाला, की मी शेतकऱ्यांवर लाठ्या चालवल्या त्या व्यापाऱ्यांसाठी, तर जी खळबळ उडेल तीच तेव्हा उडाली.

बटलर नुसता चिडून बोलला नाही, त्याने हिशेब मांडला. द्यूपाँ ही बारूद बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिचा वर्षाचा सरासरी नफा ६० लाख डॉलर होता. १९१४ ते १९१८ या काळात तो वर्षाला ५ कोटी ८० लाख डॉलर झाला. नऊ पटींहून जास्त! आणि सैनिकाला काय? महिना ३० डॉलर. त्यातले निम्मे घरच्यांसाठी कापायचे, वर त्याच्या स्वतःच्या जिवाच्या विम्याचा हप्ता त्याच्याच पगारातून कापायचा. उरलेल्यात त्याला युद्धकर्जाचे रोखे शंभर डॉलरला घ्यायला लावायचे. तो परत आला, काम मिळेना, पोट भरेना, तेव्हा तेच रोखे त्याच्याकडून ८४-८६ डॉलरला काढून घ्यायचे. वाचताना आम्हाला हसू आले. हंगामात माल घरातून कमी भावाने काढून न्यायचा आणि शेतकऱ्यालाच पुढे चढ्या भावाने विकायचा, ही रीत आपल्या बाजारपेठेची आहे असे आम्ही समजत होतो. ती तर साऱ्या जगाची निघाली.

बटलरचा उपायही ऐका. तरुण पोरांची सक्तीची भरती करण्याआधी महिनाभर कारखानदार, बँकवाले, संचालक, पुढारी या सगळ्यांची सक्तीची भरती करा. सगळ्यांना खंदकातल्या सैनिकाचाच पगार द्या, महिना ३० डॉलर. युद्ध करायचे की नाही याचा कौल फक्त त्यांच्याकडून घ्या ज्यांना लढायला जावे लागणार आहे. मग पाहा किती युद्धे होतात! आणि फौज ठेवायची ती आपल्या देशाच्या रक्षणापुरती. लक्षात घ्या, बटलर फौज मोडा म्हणत नव्हता. फौज कोणाच्या तिजोरीसाठी वापरता, असे विचारत होता.

सरकीवरची लव आणि बारूद

आता ही गोष्ट कापसाशी येते. सरकीतून रुई काढल्यावर सरकीवर जी बारीक लव राहते, ती आपण पाहिली आहे. त्या लवीवर नत्राम्लाची प्रक्रिया केली की स्फोटक तयार होते. बिनधुराची बारूद म्हणतात ती यातूनच. द्यूपाँने महायुद्धात जी बारूद विकून नऊ पट नफा केला, तिच्यात कापूस होता. म्हणजे कापूसवाल्याचीही चांदी झाली असेल?

नाही. १९१४ च्या उन्हाळ्यात युद्ध पेटले, जहाजे थांबली, न्यूयॉर्कचा कापूस बाजार जुलैअखेर बंद झाला तो नोव्हेंबरपर्यंत उघडला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. शेतकऱ्याला वाचवण्यासाठी 'एक गाठ विकत घ्या' अशी मोहीम काढायची वेळ आली. पुढे युद्धाची भूक वाढली तसा भाव चढला, १९१९ साली फार चढला, आणि १९२० मध्ये असा कोसळला की चढत्या भावात जमिनी घेतलेले, कर्ज काढलेले लोक उताणे पडले. कापूस तोच, त्यातून झालेली बारूद तीच. कारखानदाराला खर्च अधिक नफा, शेतकऱ्याला झोका.

हा झोका आपल्या वऱ्हाडाने आणखी आधी खाल्ला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी चालली. तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर येऊन पडल्या. वऱ्हाडात, खानदेशात पैसा आला. सावकारांनी हात सैल सोडला, कर्ज सहज मिळू लागले. १८६५ साली तिकडची लढाई थांबली आणि इकडचा भाव खाली आला. भाव गेला, कर्ज राहिले. वाढवलेला शेतसारा राहिला. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि पुणे-नगर भागात ते लोण पसरले. त्या उद्रेकाच्या कारणांत ही पडझडही होती. तेव्हा कोणी सांगू लागला की युद्ध झाले तर कापूस वधारेल, तर त्याला विचारा : आणि थांबल्यावर? अलीकडचेच बघा. २०२२ साली रशिया-युक्रेनचे युद्ध पेटले आणि आपल्याकडे पोटॅश व मिश्र खते महागली. गोळा युरोपात पडतो, धक्का आपल्या खताच्या पोत्याला बसतो.

अमेरिकेत हत्यारवाल्यांच्या नफ्याची चौकशी १९३४ साली सेनेटच्या समितीने सुरू केली. तिचा अध्यक्ष जेराल्ड नाय कोण होता? उत्तर डाकोटाचा, गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या राज्याचा सेनेटर. समितीने द्यूपाँच्या मालकांना साक्षीला बोलावले. दोन वर्षांत तिचे पैसे बंद झाले आणि काम आटोपले. चौकशी समित्यांचे नशीब सगळीकडे सारखेच दिसते.

पदके परत

सैनिकाला गौरवाचे शब्द भरपूर मिळतात, पैसे द्यायची वेळ आली की तारीख मिळते. पहिल्या महायुद्धातून आलेल्या अमेरिकन सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस मंजूर झाला, पण हातात पडणार १९४५ साली! चुकाऱ्याला एकवीस वर्षे. मधे महामंदी आली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकामुलांसह राजधानी वॉशिंग्टनला येऊन झोपड्या घालून बसले. बटलर तिथे जाऊन त्यांच्यात बोलला. सेनेटने मागणी फेटाळली. २८ जुलैला जनरल मॅकार्थरने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकले, झोपड्या जळाल्या. देशाच्या फौजेने देशाचे जुने फौजी पिटाळले.

आपण दूरच्या देशाला नावे ठेवायचे कारण नाही. २०१५ साली आपले माजी सैनिक 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' मागत दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्यांच्यावर हात टाकला. छातीवर पदके लावलेल्या म्हाताऱ्यांना ओढताना साऱ्या देशाने पाहिले. निषेध झाला, मग सप्टेंबरात सरकारने योजना जाहीर केली.

व्हिएतनामच्या लढाईतून परत आलेल्या पोरांनी तर पदकेच परत केली. २३ एप्रिल १९७१ रोजी शेकडो माजी सैनिक रांगेने वॉशिंग्टनच्या संसद भवनासमोर आले. एकेकाने आपले नाव सांगितले आणि शौर्यपदक कुंपणापलीकडे फेकून दिले. काही जण चाकाच्या खुर्चीवर होते.

रुळावर बसलेला फौजी

रुळावर बसणे म्हणजे काय हे आपल्याला शिकवावे लागत नाही. कापसाच्या भावासाठी १९८६ च्या डिसेंबरात सुरेगावला गोळ्या खाल्लेल्या माणसांची आठवण या पट्ट्यात अजून आहे. म्हणून ब्रायन विल्सनची गोष्ट तुम्हाला लगेच कळेल.

विल्सन अमेरिकेच्या हवाई दलात अधिकारी होता. १९६९ साली व्हिएतनाममध्ये बॉम्ब टाकलेल्या गावांत त्याला पाहणीसाठी जावे लागले. शत्रूचे तळ म्हणून नकाशावर खुणा केलेल्या जागी त्याला बायका आणि पोरांची प्रेते दिसली. ती शेतकऱ्यांची गावे होती. तिथून परतलेला विल्सन पुन्हा पूर्वीचा झाला नाही. १९८६ साली तो आणि आणखी तीन माजी सैनिक मध्य अमेरिकेतल्या लढायांना हत्यारे पुरवणे थांबवा म्हणून संसदेच्या पायऱ्यांवर बेमुदत उपोषणाला बसले. त्यातला एक चार्ल्स लिटेकी. त्याने आपले मेडल ऑफ ऑनर आधीच परत केले होते. उपोषण ४७ दिवस चालले.

पुढच्या वर्षी, १ सप्टेंबर १९८७ रोजी, कॅलिफोर्नियात कॉन्कॉर्ड येथील नौदलाच्या दारूगोळा तळाबाहेर विल्सन रुळावर बसला. दारूगोळ्याची गाडी येणार होती. आधी कळवले होते, लपून काही नव्हते. गाडी थांबली नाही. तिथली वेगमर्यादा ताशी पाच मैल, गाडी तिप्पट वेगाने आली. विल्सनचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले, कवटी फुटली. नंतर उघड झाले, की गाडी थांबवू नका असा हुकूम होता. चार दिवसांनी हजारो लोक जमले आणि त्यांनी ते रूळ उखडले. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ तिथे रात्रंदिवस ठिय्या चालला. विल्सन कृत्रिम पायांवर पुन्हा उभा राहिला आणि बोलत राहिला.

बाथ गावचे फाटक

ही झाली मोठी उदाहरणे. आम्हाला याहून महत्त्वाची वाटते ती छोट्या गावांतली, रोजची, कंटाळवाणी चळवळ. कारण आपलेही काम तसलेच आहे.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. बटाटे, मासेमारी, लाकूड यांवर जगणारे. १९८५ साली तिथे दहा माजी सैनिकांनी 'व्हेटरन्स फॉर पीस' ही संघटना काढली. अर्थ साधा : शांततेसाठी माजी सैनिक. आज तिच्या शाखा गावोगाव आहेत. बॉस्टनच्या शाखेने बटलरचे नाव घेतले आहे. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या शाखेचे लोक २००३ नंतर वर्षानुवर्षे दर रविवारी समुद्राच्या वाळूत इराकमध्ये मेलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी एकेक लाकडी क्रूस रोवत आले. फिरायला येणाऱ्यांनी नुसते मोजावे म्हणून. ११ नोव्हेंबर हा १९१८ साली महायुद्ध थांबल्याचा दिवस. अमेरिकेने तो १९३८ साली जगाच्या शांततेसाठी सुटी म्हणून ठरवला आणि १९५४ साली नाव बदलून 'माजी सैनिक दिन' केला. शांतता गेली, संचलन राहिले. या संघटनेचे लोक त्या दिवशी संचलनाऐवजी अकरा वेळा घंटा वाजवतात.

याच मेन राज्यात केनेबेक नदीकाठी बाथ हे लहानसे शहर आहे. तिथे युद्धनौका बांधायची मोठी गोदी आहे. १९९५ पासून ती जनरल डायनॅमिक्स या बड्या हत्यार कंपनीच्या मालकीची आहे. नवी नौका तयार झाली की समारंभ होतो, पुढारी येतात, नौकेच्या नाकावर बाटली फोडतात. तेव्हा फाटकाबाहेर पाट्या घेऊन गावचेच म्हातारे उभे असतात. त्यांत माजी सैनिक असतात. २०१६ साली अशाच समारंभाच्या दिवशी रस्त्यावर बसल्याबद्दल त्यांच्यापैकी काहींना अटक झाली.

२०१८ साली या कंपनीने राज्य सरकारकडे ६ कोटी डॉलरची करसवलत मागितली. युद्धनौकांच्या ऑर्डरी दिल्लीसारख्याच त्यांच्या राजधानीतून, खर्च भरून नफा वर, आणि पुन्हा गरीब राज्याच्या तिजोरीत हात! तेव्हा हवाई दलातला माजी सैनिक ब्रूस गॅग्नन उपोषणाला बसला. महिन्याहून अधिक दिवस त्याने अन्न घेतले नाही आणि रोज विधानभवनात जाऊन आमदारांना एकच विचारले : रस्ते उखडले आहेत, दवाखाने बंद पडत आहेत, मग हे दान कशासाठी? सवलत मंजूर झाली, पण साडेचार कोटींवर आली. दीड कोटी डॉलर वाचले. काही लोक याला पराभव म्हणतील. वर्षानुवर्षे धरणे धरून क्विंटलमागे थोडे वाढवून घेणारे आपण याला पराभव म्हणणार नाही.

त्या फाटकातून आत जाणारे कामगार याच गावचे. शेजारी, भाऊबंद. ते विचारतात, "आमच्या पोटावर पाय आणता काय?" प्रश्न खरा आहे आणि हे माजी सैनिक तो टाळत नाहीत. ते म्हणतात, गोदी बंद करा असे आमचे म्हणणे नाही. हेच पोलाद, हेच कारागीर, रेल्वेचे डबे आणि पवनचक्क्या बांधू द्या. सरकार विनाशाच्या मालाला खर्च अधिक नफा देते, उपयोगाच्या मालाला का देत नाही? हाच प्रश्न आपला आहे.

आम्ही फुगवून सांगणार नाही. ही माणसे मूठभर आहेत. त्यांनी विरोध केला तरी २००३ साली इराकचे युद्ध झाले. पण खोटे बोलणाऱ्यांच्या गर्दीत खरे बोलणारा एक जरी फाटकावर उभा राहिला तरी फरक पडतो, हे आपण बाजार समितीच्या फाटकावर शिकलो आहोत.

एक विमान म्हणजे किती क्विंटल?

जनरल आयसेनहॉवर कॅन्ससमधल्या लहान गावात वाढलेला, दुसऱ्या महायुद्धातला मोठा सेनापती, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष. १६ एप्रिल १९५३ च्या भाषणात त्याने हिशेब दिला, की एका लढाऊ विमानासाठी आपण पाच लाख बुशेल गहू मोजतो. बुशेल म्हणजे सव्वासत्तावीस किलोच्या आसपास. म्हणजे सुमारे १ लाख ३६ हजार क्विंटल. कोरडवाहू ज्वारीचा एकरी उतारा चांगल्या साली पाच क्विंटल धरा, तर २७,००० एकरांचे पीक एका विमानात गेले. आणि तेव्हाची विमाने स्वस्त होती!

१७ जानेवारी १९६१ रोजी खुर्ची सोडताना त्याने लष्कर आणि हत्यार कारखाने यांच्या साटेलोट्यापासून सावध राहा असे देशाला बजावले. बोलला खरे, पण जाताना. मधली आठ वर्षे अणुबॉम्बचे ढीग त्याच्याच डोळ्यांदेखत वाढले. पुढारी खुर्चीवर असताना खरे बोलत नाहीत. म्हणून फाटकावरचा साधा माजी सैनिक आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

आपला ॲडमिरल

कोणी म्हणेल, अमेरिकेला दोन्ही बाजूंना समुद्र आहे, त्यांना शांततेच्या गोष्टी परवडतात. आपल्या सीमेवर पाकिस्तान आहे, चीन आहे. आमचे म्हणणे आहे, मग सीमेवर लढलेल्यालाच विचारा. ॲडमिरल रामदास यांना विचारता आले असते. ते मार्च २०२४ मध्ये गेले.

लक्ष्मीनारायण रामदास १९७१ च्या युद्धात 'बियास' या युद्धनौकेचे कप्तान होते. त्यांना वीरचक्र मिळाले. १९९० ते १९९३ ते भारताच्या नौदलाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर त्यांनी दिल्लीत बंगला धरला नाही, रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ भायमळा गावात शेती केली. भारत-पाकिस्तानातल्या सामान्य लोकांनी एकमेकांशी बोलावे म्हणून काम केले, १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अण्वस्त्रांच्या विरोधात उभे राहिले. २००४ साली पाकिस्तानातले पत्रकार आय. ए. रहमान यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि रायगडात सेझसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायला निघाले तेव्हा हा नौदलप्रमुख शेतकऱ्यांच्या बाजूला उभा होता. जमीन हिसकणारा आणि युद्ध विकणारा यांची जात एकच, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

दारूगोळ्याची किंमत सीमेवरच मोजावी लागते असेही नाही. वर्धा जिल्ह्यात पुलगावला देशातले मोठे दारूगोळा भांडार आहे, भोवती कापसाची शेते. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली, अधिकारी, जवान आणि आग विझवणारे कर्मचारी मेले, आसपासची गावे रात्रीतून रिकामी करावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथे जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. मेलेल्यांत जवळच्या गावांतले रोजंदारीवर गेलेले मजूर होते. शेतीत पोट भरले असते तर ते तिथे गेले असते काय?

आमचे म्हणणे

आम्ही फौजेच्या विरोधात नाही. असूच कसे? फौज म्हणजे आपलीच पोरे. एक भाऊ नांगरामागे, एक भाऊ बंदुकीमागे. शेती तोट्यात म्हणून धाकटा भरतीच्या रांगेत उभा राहतो. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते ती आपल्याच वस्तीवर येते, हत्यारांच्या दलालाच्या बंगल्यावर नाही. १९६५ साली 'जय जवान, जय किसान' अशी घोषणा आली. घोषणेत दोघे शेजारी उभे केले, हिशेबात दोघांनाही मागे ठेवले. देशाच्या रक्षणाला पैसा लागतो हे आम्हाला मान्य आहे. पण तो पैसा कोणाच्या खिशातून जातो, कोणाच्या खिशात पडतो आणि मरायला कोण जातो, हे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. बोफोर्स तोफांच्या सौद्यात १९८७ साली दलालीचा बभ्रा झाला तेव्हा तोफ चालवणाऱ्या जवानावर कोणी बोट ठेवले नव्हते. आमचेही बोट त्याच्यावर नाही.

टीव्हीवर बसून युद्धाच्या आरोळ्या ठोकणाऱ्यांची पोरे कोणत्या पलटणीत आहेत, एवढे एकदा विचारून बघा. बटलरचा तो जुना उपाय अजून ताजा आहे.

म्हणून या जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही तीन ठराव ठेवतो :

(१) प्रत्येक तालुका बैठकीत गावच्या माजी सैनिकाला नुसता नारळ-शाल देऊन बसवू नये. त्याला तासभर बोलू द्यावे आणि आपण ऐकावे. त्याचे निवृत्तिवेतन, त्याची जमीन, त्याचे जुने येणे हे संघटनेचे काम समजावे.

(२) कोणत्याही पक्षाचा उमेदवार युद्धाच्या नावाने मते मागायला आला तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. हत्यारे कोणाकडून, किती दराने घेतली? आणि ज्या हिशेबाने हत्यारवाल्याला खर्च अधिक नफा देता, त्याच हिशेबाने कापसाला आणि ज्वारीला का देत नाही?

(३) दारूगोळा भांडारे आणि कारखाने यांच्या भोवतीच्या गावांची सुरक्षा आणि तिथे मेलेल्या मजुरांच्या घरच्यांची भरपाई यांसाठी त्या त्या जिल्ह्याच्या शाखेने पाठपुरावा करावा.

ठराव हात वर करून मंजूर करणे सोपे आहे. पहिल्या ठरावाची सुरुवात मात्र घरी जाता जाताच करता येईल. आपल्या गावातला तो माजी सुभेदार, पारावर एकटा बसणारा, त्याच्याजवळ टेका आणि विचारा, काका, तिकडे खरे काय झाले? तो लगेच बोलणार नाही. बसून राहा.